सही देशमाने मॅडमची होती

फोन देशमाने मॅडमच्या भाचीचा होता. "मावशी गेली. सकाळी, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी धायरीहून बसने कामाला निघाले होते. पुढच्या स्टॉपला उतरावं, रिक्षा करावी, कसब्यात त्यांच्या घरी जावं... सगळं कळत होतं, पण उठायचं त्राणच नव्हतं. वर्षभर त्यांचं दुखणं भाचीने आणि मी मिळून काढलं होतं. ते संपलं तेव्हा रडूही आलं नाही, नुसता थकवा आला.

देशमाने मॅडम औषधी वनस्पती तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. वाळलेला पाला पोत्यांतून यायचा; तो नेमका कोणत्या झाडाचा हे आम्ही सांगायचं. पहिल्याच दिवशी मी एक पान चुरगळून हुंगलं आणि ऐटीत म्हणाले, "तुळस!" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वा. मग यंत्रं विकून टाकू या." तुळशीच्या रानटी भावंडांनी त्यांना आयुष्यभर छळलं. दोन निराळ्या जातींना लवंगेसारखा एकच वास येतो. उलट एकाच जातीचा वास एका डोंगरावर कापरासारखा, तर दुसऱ्यावर लिंबासारखा. म्हणून आधी अर्क काढून त्यातली द्रव्यं काचपट्टीवर वेगळी करायची, कुठला डाग कुठे उमटतो ते बघायचं, आणि मग पानाची पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यावरचे बारीक केस, तेलाच्या ग्रंथी तपासायच्या. "एका साक्षीदारावर निकाल देऊ नये," असं त्या म्हणायच्या.

मी एकदा नेमका तसाच निकाल दिला. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडून औषधकंपनीसाठी घेतलेला माल होता, घाई होती, आणि घरी माझी मुलगी तापाने फणफणली होती. काचपट्टीवर डाग हवा तिथे उमटला. सूक्ष्मदर्शकासाठी पुडीची स्लाइड मी बनवली, पण पाहिली नाही. 'केस जुळतात' असं लिहून घर गाठलं. मॅडमनी माझ्यावर विसंबून सही केली. महिन्याभराने उरलेला नमुना त्यांनी सहज पाहिला, तर केस वेगळेच होते... ती तुळस नव्हती, तिची रानातली बहीण होती. तोवर माल औषधात गेला होता.

"कुणाला कळणार नाही, मॅडम," मी म्हणाले. ते वाक्य आजही मला झोंबतं.

"आपल्या दोघींना कळलंय ना? पुष्कळ झालं."

त्यांनी स्वतः कंपनीला पत्र लिहून अहवाल मागे घेतला. स्लाइड कुणी पाहिली होती, असं संस्थेच्या संचालकांनी माझ्यासमोरच विचारलं. "सही माझी आहे," एवढंच त्या बोलल्या. प्रमुखपद गेलं. ज्याला त्यांनी सूक्ष्मदर्शक धरायला शिकवलं, त्याच्याच हाताखाली त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केलं. खरं सांगायला मी दोनदा संचालकांच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले. नोकरी जाईल, या भीतीने. शेवटच्या आजारात एकदा धीर करून विषय काढला, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "अगं, दमलेय मी. माफी मागून आणखी दमवू नकोस." मग त्यांनीच विचारलं, "मुलगी बरी झाली होती ना तेव्हा?"

मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात भाचीने घर आवरायला बोलावलं. त्यांच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत चार कुंड्या होत्या. वीतभर रोपं, सारखीच दिसणारी, कुंड्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. भाचीने विचारलं, "यातली पूजेची तुळस कुठली? तेवढी ठेवते."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं...

"आज सगळ्यांना पाणी घाल," मी म्हटलं. "बघून सांगते."

चारी रोपांचं एकेक पान वेगवेगळ्या कागदात गुंडाळलं, आकडे घातले आणि कामावर गेले. संध्याकाळी आधी काचपट्टीवरचे डाग जुळवले, मग मान भरून येईपर्यंत चारही स्लाइड पाहिल्या. मग तिला फोन केला. "तिसरी," मी म्हणाले, "पण बाकीच्याही टाकू नकोस."