पंपवाल्याच्या घरचे मासे

राळेगावात माझ्या नवऱ्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं टिनाचं खोकं. काम एकच, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली ती वर्षं. लोक फवारून फवारून थकले तरी अळी हटेना, आणि आमच्या दुकानापुढची पंपांची रांगही हटेना. नोझल तुंबलं की हे सरळ तोंडाला लावून फुंकायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ओरडत होते, "अजी, थे विष हाय! तार घाला ना भोकात." यांचं ठरलेलं उत्तर, "तारेनं भोक मोठं होते. आन मले काही होत नाही." वरून हसायचे. माझं डोकं फिरायचं नुसतं.

दिवसभर घरात मला चैन नसे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, यांचाच घोर. माझं मन रमावं म्हणून यांनीच यवतमाळहून काचेची पेटी आणली आणि सिक्लिडची जोडी. बोटाएवढे मासे, पण रुबाब केवढा! मादीचं पोट पिकल्या जांभळाच्या रंगाचं. मी पेटीत मातीचा फुटका गल्ला आडवा ठेवला, तर बाईनं त्यातच अंडी घातली. मग काय विचारता! नवऱ्याला दाराबाहेर राखण करायला लावलं आणि स्वतः आत पंख हलवत बसली. तो जरा जवळ आला की अंगावर धावून जायची.

"पाय, तुह्यासारखीच हाय," हे म्हणायचे.

अंड्यांतून पिलं निघाली आणि नेमकं तेव्हाच भारनियमन वाढलं. भर दुपारी लाइन गेली की पेटीतली हवेची मोटर बंद. पाणी कोमट व्हायचं, दोन्ही मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करायचे. मी वाटीनं पाणी उचलून वरून परत ओतत बसायची. स्वयंपाक राहायचा, हात भरून यायचे, पण थांबायची भीती वाटायची. शेवटी यांना बजावलं, "माह्या पिलांले काही झालं तर पाहा मंग!"

यांनी शक्कल लढवली. दुकानातला एक जुना पंप घरी आणला. टाकी सोड्यानं घासली, उन्हात वाळवली. टाकी रिकामी, दांडा मारला की नळीतून नुसती हवा.

"वास येते जी," मी म्हटलं.

"इतका धुतला ना! तुह्या नाकातच बसला वास."

नळीचं तोंड तुंबलेलं होतं, ते यांनी फुंकून मोकळं केलं. नळी पेटीत सोडून दांडा मारला, बुडबुडे निघाले. मासे खाली गेले, मादीनं पिलं गल्ल्याशी गोळा केली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे खूश झालो.

संध्याकाळी लाइन आली तेव्हा मादी गोल गोल फिरत होती. मग आडवी झाली. नर कोपऱ्यात थरथरत होता, तोही गेला. पिलं तळाशी रव्यासारखी पसरलेली, एकही हलेना. नळीत कुठेतरी औषधाचा अंश राहिला असणार. मी मोठ्यानं रडले. रडता रडता माझी नजर यांच्या तोंडाकडे गेली.

पदर खोचून मी यांच्यावर तुटून पडले. "आता बोला! धुतलेल्या पंपानं पेटीभर जीव मेले. तुमी तर रोज थेच तोंडात घेता! मी काय पांढऱ्या कपाळानं बसू का?"

हे हसले नाहीत. पेटीपुढे उकिडवे बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले सांगतलं नाही. ओठाले मुंग्या येते. जीभ तर बधिरच झाली हाय, मागच्या दिवाळीपासून. भाजीत मीठ हाय का नाही, मले समजत नाही. तू इचारलं का मी आपलं मस्त झाली म्हणतो."

म्हणजे इतके दिवस मी उगाच फुलत होते! यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "उद्या दुकान उघडाचं नाही. पहिले डॉक्टरकडे."

"हंगाम हाय ना," हे पुटपुटले. पण हात सोडवून घेतला नाही.