चीनच्या बाजूने ओरडताना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि कॅम्पातल्या गणपतीपुढे दरवर्षी हात जोडतो तेव्हा त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काय?

मी अबू धाबीजवळ मुसाफ्फात एका चिनी बांधकाम कंपनीचा कॅम्प बॉस आहे. कामगारांच्या खोल्या, जेवण, बस, भांडणं — सगळं माझ्या गळ्यात. मूळचा चिपळूणचा. कॅम्पात आपली कोकणातली माणसं बरीच, आणि दत्ताराम तर माझ्या शेजारच्या गावचा. त्याला इथे मीच आणलं. मला दादा म्हणतो.

चिनी माणसाचं खेळाचं वेड मी इथेच पाहिलं, आणि ते मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून टेबल टेनिस सुरू. त्यात हे जग जिंकतात, पण कुणाला कौतुक नाही. जीव अडकलाय तो फुटबॉलमध्ये, जिथे त्यांची टीम सदानकदा मार खाते! आमचे प्रोजेक्ट मॅनेजर ल्यूसाहेब, कधी मोकळे हसलेले मी पाहिले नाहीत. हा माणूस आपल्याच टीमला टीव्हीसमोर शिव्या घालायचा, आणि पुढच्या मॅचला गालावर झेंडा रंगवून पुन्हा हजर! आपण जिंकणार म्हणून मॅच बघतो. हे हरणार म्हणूनच बसतात आणि तरी रडतात. मला हसू यायचं. आता येत नाही.

एका स्पर्धेत त्यांच्या टीमची मॅच अबू धाबीत आली. कंपनीने तिकिटं घेतली, पण चिनी स्टाफ तो किती? ल्यूसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, कामगारांपैकी ज्याला खरंच आवड असेल त्यालाच आण, सुट्टीचा दिवस आहे, जबरदस्ती नको. मी मान डोलावली. आणि कॅम्पात येऊन सांगितलं की सगळ्यांनी यायचंच. का? साहेबांना भरलेला स्टँड दाखवायचा होता. तो मी भरला हे दाखवायचं होतं.

आदल्या दिवशी दत्ताराम माझ्याकडे आला. त्याच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, रत्नागिरीला, नेमकं त्याच दुपारी. आत नेण्याआधी भाचा व्हिडिओ कॉल लावणार होता. आईला त्याचं तोंड बघायचं होतं. "दादा, मी उद्या खोलीवरच राहतो," एवढंच म्हणाला. त्याला सोडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण गणपतीत ढोल वाजवणारा तोच एक, आणि ढोल न्यायची परवानगी मी खटपट करून काढली होती. मी म्हटलं, "अरे, तिथूनच बोल की. फोन कुठे पळून जातोय?"

स्टेडियमच्या दारात मी पिशवी उघडली. "यल्ला, सब लोग मोबाइल निकालो!" मागच्या एका कार्यक्रमात अर्धे लोक मोबाइलमध्ये माना घालून बसले होते, साहेबांसमोर माझी शोभा झाली होती. दत्ताराम घुटमळला. तेवढा माझा राहू दे, म्हणाला. मी त्याचा फोन पिशवीत टाकला नाही, हातातच ठेवला. "कॉल आला की देतो. इन्शाल्ला सगळं नीट होईल." शब्द दिला मी त्याला. आणि तो पहिल्या रांगेत ढोलापाशी गेला, माझ्यापासून पाचसहा पायऱ्या खाली.

आमची माणसं लाल टी-शर्ट घालून चीनच्या नावाने ओरडत होती. 'जियायौ' — तेल ओता, म्हणजे जोर लावा, असा त्याचा अर्थ. गोल कुठल्या बाजूला करायचा हेही निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पण ढोल असा घुमला की आसपासचे चिनी उठून नाचायला लागले. ल्यूसाहेब माझ्याशेजारी. त्यांचे डोळे भरून आलेले. विचारत होते, हे सगळे खरंच मनाने आलेत? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. कॅमेरा आमच्याकडे वळलेला, समोरच्या मोठ्या पडद्यावर आम्ही दोघं.

मॅच ते हरले. बाहेर येऊन मी दत्तारामला फोन परत दिला. त्याने बघितला — भाच्याचे दोन मिस्ड कॉल. लगेच लावला, तोवर आईला आत नेलं होतं. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी ल्यूसाहेब त्याच्या खोलीवर आले. त्याला माझ्यासमोर म्हणाले, मला कळलं असतं तर मीच तुला गाडीने परत पाठवलं असतं. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. त्यांना संशयच नव्हता. तिकीट, रजेचा कागद — सगळी धावपळ मी केली. दत्ताराम जाताना माझ्या पाया पडला.

परत आल्यावर त्याने सांगितलं. पहिला कॉल उचलला नाही तेव्हा आई भाच्याला म्हणाली, लाव परत. दुसराही उचलला नाही तेव्हा म्हणाली, राहू दे, कामात असेल तो. हे सांगताना तो माझीच समजूत काढत होता. "दादा, तुझी काय चूक? एवढ्या गोंगाटात ऐकू तरी कसं येणार?"

मीच त्याला तसं सांगितलं होतं.

त्या दिवशी स्टँडमध्ये फोन माझ्या तळहातावर थरथरत होता. खाली बघितलं तर भाच्याचं नाव. दत्ताराम समोर, पाठमोरा. हाक मारली असती तर ढोल थांबला असता — आणि पडद्यावर आम्ही होतो. साहेबांचा हात खांद्यावर होता. मी आवाज बंद केला. दुसऱ्यांदा कॉल आला तेव्हा फोन मांडीवर उलटा ठेवला आणि 'जियायौ' म्हणून ओरडलो.

दत्ताराम अजून याच कॅम्पात आहे. सकाळी बसपाशी भेटतो, दादा म्हणून हाक मारतो. मी ओ देतो.