वीतभर वर आलेला ट्रेलर

आमच्या नाटक कंपनीत खऱ्या नावानं कोणालाच हाक मारत नसत. मी राजाच्या भूमिका करायचो म्हणून ‘महाराज’, आणि आमचा फिटर ‘पाना’. ट्रकमागे जोडलेला सामानाचा ट्रेलर हे त्याचं राज्य. माझं राज्य पडदा पडला की संपायचं, त्याचं तेव्हा सुरू व्हायचं.

त्याची बायको कंपनीचे कपडे सांभाळायची. सगळे तिला वहिनी म्हणत. माझ्या अंगरख्याचा एकेक टाका त्यांच्या हातचा. अंगानं भरदार बाई. दौऱ्यावर ट्रेलरच्या कोपऱ्यातल्या बाकावर कपड्यांच्या पेट्यांना टेकून बसायच्या.

ट्रेलरची आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, मधून खाली वाकवलेली होती. त्यामुळे ट्रेलर जमिनीलगत लोंबायचा आणि रस्त्यावर उंचवटा आला की त्याचं पोट खर्रकन घासायचं. मालक ट्रकमधून मान बाहेर काढायचे. “वहिनी, श्वास रोखून धरा.” कंपनी हसायची. वहिनीही हसायच्या, दुसरं काय करणार?

एकदा तळाची फळीच फुटली. मग मालक हसले नाहीत. “पाना, पुढच्या दौऱ्याला ट्रेलर घासला तर वहिनी घरी. कपडे काय, कोणीही सांभाळेल.”

घर म्हणजे वहिनींच्या भावाचं. तिथं भावजय वाढताना म्हणायची, “वन्सं, उरलंसुरलं संपवा. तुम्हाला काय जड आहे?” दौरा संपेपर्यंत ते ऐकायचं, या विचारानंच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“रडू नकोस,” पाना म्हणाला. “आस बदलतो.”

“आस लावून बसण्यातच जन्म गेला आपला,” वहिनी म्हणाल्या.

दोन दौऱ्यांमधली सगळी सुट्टी तो ट्रेलरखाली उताणा होता. भंगारातल्या एका मालट्रेलरची सरळ, जाड आस त्यानं आणून बसवली. भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांत पाती वाढवली. ट्रकचा हूकही तेवढाच वर घेतला, नाहीतर ट्रेलर नाक खुपसून चालला असता. ट्रेलर चांगला वीतभर वर आला. वहिनींना चढता यावं म्हणून त्यानं एक पायरीही जोडली.

निघायच्या सकाळी वहिनी बाकावर बसल्या आणि मालकांनी स्वतः ट्रक फाटकासमोरच्या उंचवट्यावरून नेला. आवाज नाही. मालक उतरले, वाकून पाहिलं, पानाची पाठ थोपटली.

जन्मात कधी टाळी न मिळालेल्या माणसाला टाळी मिळाली की तो दोन वाक्यं जास्त बोलतो. आम्ही नट हे जाणतो. पाना म्हणाला, “मालक, ही आस साधी नाही. आणखी एवढंच वजन घाला, पोट टेकणार नाही.”

मालकांनी ट्रेलरभोवती फेरी मारली. “टेकणार नाही म्हणतोस? मग गोदामातला आपला मोठा जनरेटर घेऊ की. फक्त जागा हवी.” त्यांची नजर कोपऱ्यावर थांबली. “वहिनी, उतरा जरा.”

“मालक, घासला तर घरी, असं ठरलं होतं,” पाना म्हणाला. “घासला नाही.”

“घासला असता तर रागानं उतरवलं असतं. आता प्रेमानं उतरवतोय.”

सवयीनं दोघंतिघं हसले.

“ट्रकमध्ये बसेल ती.”

“ट्रकमध्ये नट बसतात.”

मालक दुष्ट नव्हते. माझ्या आजारपणात माझं घर त्यांनीच चालवलं. पण त्या सकाळी त्यांना गंमत वाटत होती, आणि गंमत वाटणाऱ्या माणसापुढे कोणाचं चालत नाही.

पानानं हात दिला, वहिनी उतरल्या. “अहो, चांगली बसलीय तुमची आस,” एवढंच म्हणाल्या आणि पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

बाक पानानंच काढला. बाकाची भोकं जनरेटरच्या पायांना जुळेनात, म्हणून नवी पाडली, तीही त्यानंच. मी शेजारी उभा राहून मनात म्हणत होतो, बाबा रे, एक तरी बोल्ट सैल सोड. पण त्याला सैल काम येतच नव्हतं. शेवटचा बोल्ट त्यानं अंगाचा भार टाकून आवळला, जनरेटर दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि मालकांना सांगितलं, “झालं. निघा.”