बिल वाचून दाखवणारे कॅप्टन

आमचे कॅप्टन गिऱ्हाइकापुढे नुसतं बिल ठेवून जात नसत. ते वाचून दाखवत. टेबलाशी किंचित वाकून, शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही अशा बेताच्या आवाजात, पहिल्या सूपपासून शेवटच्या करापर्यंत. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, मला वाचता येतं." कॅप्टन म्हणाले, "येतं ना जी. पण आमची चूक आमच्याच तोंडून कळलेली बरी." मग त्यांनी बिल शेवटपर्यंत वाचलं आणि खरोखरच दोन रोट्या जास्त लावलेल्या निघाल्या. ती चूक माझी होती, कारण बिलं मी करायचे.

हडपसरच्या त्या हॉटेलात मी बिलिंगच्या काउंटरला होते. ऑर्डर घ्यायची, वेटरांवर लक्ष ठेवायचं, गिऱ्हाइकाची तक्रार अंगावर घ्यायची, हे काम ज्याचं त्याला कॅप्टन म्हणतात. पण आमच्याकडे तो हुद्दा त्यांचं नावच होऊन बसला होता. मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, तरी वाक्याच्या शेवटचा 'जी' काही सुटला नव्हता. दसऱ्याला न चुकता रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना पुस्तकं घेऊन यायचे. एरवी रजा नाही. तापात सुद्धा नाही.

ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. मला, वेटरांना, भांडी घासणाऱ्या कमलमावशींना, पाचवीतल्या पोराला सुद्धा. "आपण काय घेणार?" असं विचारलं की ते पोरगं एकदम ताठ बसायचं. आणि टीप कोणालाही मिळाली तरी ती सगळ्यांची, हा त्यांचा नियम होता. "गिऱ्हाइकाला मावशींचे हात दिसत नाहीत, पण ताट स्वच्छ दिसते ना?" असं म्हणून ते आठवड्याच्या शेवटी कमलमावशींचा वाटा आधी काढायचे.

मग एका उन्हाळ्यात आमच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, बिलात एक नवी ओळ घातली. सेवा शुल्क, दहा टक्के. कोणी काही न विचारता आपोआप लागायचं. साहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हे तुमच्यासाठीच आहे. आता टिपेसाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टीप बंद झाली. बिलातच दिले म्हटल्यावर वेगळे कोण देणार? पहिल्या महिन्याला साहेब म्हणाले, हिशेब व्हायचा आहे. दुसऱ्याला म्हणाले, फुटलेल्या काचा, नवे गणवेश, त्यात गेले. तिसऱ्या महिन्यात कोणी विचारलंच नाही. कमलमावशींनी नातीची शिकवणी बंद केली. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, भांडी विसळता विसळता सहज बोलल्या. कॅप्टन तिथेच उभे होते. ते तसेच बाहेर गेले.

त्या दिवसापासून ते ती ओळही वाचू लागले. "सेवा शुल्क, दहा टक्के. हे आपल्या इच्छेवर आहे. नको असेल तर काढून आणतो." बरेचजण म्हणायचे, काढा. मग कॅप्टन बिल घेऊन माझ्याकडे यायचे. "ताई, तेवढी ओळ काढून द्या." ती माझ्या पासवर्डशिवाय निघत नसे.

आठ दिवसांत साहेबांच्या हे लक्षात आलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कॅप्टनला काही म्हणू नकोस, म्हणाले. फक्त ते ज्या टेबलांची ओळ काढायला सांगतील त्यांचे नंबर एका वहीत लिहीत जा. माझ्या वडिलांची कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं आणि घरात पगार माझा एकटीचा येत होता. मी वही घेतली. "ताई, तेवढी ओळ काढून द्या," असं ते म्हणाले की मी ओळ काढायची, आणि त्यांची पाठ वळली की नंबर लिहायची. रोज वाटायचं, आज त्यांना सांगून टाकावं. पण शिफ्ट संपेपर्यंत धीर व्हायचा नाही.

पुढे एका रविवारी दुपारी हॉटेल गच्च भरलेलं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ कुटुंबाला घेऊन आले होते. कॅप्टननी बिल वाचलं. त्या ओळीपाशी गृहस्थांनी हात वर केला.

"थांबा. ही सेवा नेमकी कोणाची? तुमची की मालकांची?"

आवाज खणखणीत होता. चार टेबलं वळून बघायला लागली. साहेब काउंटरजवळच होते, ते हसत पुढे झाले. "सर, हे सगळं स्टाफलाच जातं. विचारा ना, कॅप्टन इथेच आहेत."

गृहस्थांनी मान वळवली. "काय हो, मिळतं का तुम्हाला?"

कॅप्टननी हातातलं बिल टेबलावर ठेवलं. वेटर ताटं हातात धरून जागच्या जागी थांबले. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण हाताची मूठ वळलेली मला काउंटरवरून दिसत होती. मनात मी म्हणत होते, हो म्हणा, एकदाच म्हणा, विषय संपू दे.

"नाही जी," कॅप्टन म्हणाले. गिऱ्हाइकांपुढे शुद्ध बोलणारा तो माणूस एकदम गावाकडचं बोलला. "मले आजवर एक रुपया नाही भेटला."

गृहस्थ उठले. "मग ती ओळ काढा. आणि बाकीच्यांनीही आपापली बिलं नीट बघा," एवढं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून ते हात धुवायला गेले.

तासाभराने केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. साहेबांनी वही टेबलावर टाकली. "एवढ्या टेबलांचं शुल्क तुम्ही काढलंत. बदल्यात रोख किती घेतलंत?" कॅप्टननी वही उघडली. अक्षर माझं होतं. त्यांनी दोन पानं उलटली, वही मिटली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

साहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. कॅप्टनला मी गिऱ्हाइकांकडून पैसे घेताना पाहिलं, असं त्यावर टाइप केलं होतं. "स्नेहल, सही कर. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस."

मी पेन उचललं. हे लिहिताना लाज वाटते, पण उचललं. पेन कागदाला टेकायच्या आत कॅप्टननी ते माझ्या बोटांतून हलकेच काढून घेतलं.

"ताईंची सही कशाला, साहेब? आपल्याला मी नको आहे ना? मी जातो." त्यांनी कोऱ्या कागदावर राजीनामा लिहिला, दोनच ओळी. पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि नमस्कार करून बाहेर पडले. साहेबांनी माझ्यापुढचा कागद फाडून टाकला. त्यांचं काम झालं होतं.

माझी नोकरी शाबूत राहिली. पुढचे आठ दिवस मी ती आपोआप लागणारी ओळ छापत होते आणि ती काढायला सांगायला कोणी येत नव्हतं. घरी आईने विचारलं, जेवत का नाहीस? नवव्या दिवशी दुपारी मी आजवरच्या सगळ्या सेवा शुल्काची बेरीज छापली. जितके वेटर तितक्या प्रती काढल्या, एक कमलमावशींना दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून शेवटचा आकडा मी तोंडाने सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला.

शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या आधी, सगळे वेटर गणवेश न घालता दारात उभे राहिले. साहेबांनी आरडाओरडा केला, धमक्या दिल्या, शेवटी घड्याळाकडे बघितलं. ती ओळ त्याच दिवशी गेली. मागचं काही मिळालं नाही, एका महिन्याचं तेवढं दिलं. 'कॅप्टनना परत बोलवा' ही मागणी त्यांनी ऐकूनच घेतली नाही. प्रती कोणी छापल्या हे विचारायची गरजच नव्हती. मी स्वतःच पर्स उचलली आणि नोकरी सोडून बाहेर पडले.

कॅप्टनना भंडाऱ्यात एका वसतिगृहाच्या खानावळीत काम मिळालं होतं. ते निघाले त्या दिवशी मी स्टेशनवर गेले. एक सुटकेस, पुस्तकांची एक जड पिशवी. काय झालं ते सगळं मी धापा टाकत सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मावशींची नात शिकवणीला जाते का आता?"

मग मी वहीबद्दल माफी मागितली.

"मला पहिल्या आठवड्यातच माहीत होतं, ताई. काउंटरच्या समोरच्या भिंतीला आरसा आहे ना."

"मग मला बोलला का नाहीत? आणि माझ्याकडेच का येत राहिलात?"

"आपण मान खाली घालून लिहीत होता," ते म्हणाले. "ज्याला त्याचं काही वाटत नाही, तो मान खाली कशाला घालेल? म्हटलं, आज ना उद्या वर बघतील."

गाडी हलली. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं, पण त्यांचा डबा वळणाआड जाईपर्यंत मी मान वर ठेवून उभी राहिले.