वळसंगच्या खड्ड्यातली तीन अस्तरं

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. महादेवीजवळ तर नाहीच — आणि खरं तर तिच्याजवळच बोलायला हवं होतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी पिशव्या डिझाइन करते. कॉफीच्या. सोलापुरात बसून कॉफीच्या पिशव्या — हसा खुशाल, माझी सासूही हसते. पण महादेवी वळसंगची, घरात कानडी आणि मराठी दोन्ही, आणि कॉफीचं वेड तिला आजोळाकडून आलेलं. तिच्याच नादानं आम्ही दोघींनी एमआयडीसीत एक शेड घेतली. डिझाइन माझं, मशीन तिचं. चार वाजले की मशीन बंद करून हाक मारायची, "रेखे, बा. कॉफी कुडी." ये, कॉफी पी. मला येतं ते कानडी एवढंच. आणि स्टीलच्या पेल्यात उंचावरून ओतलेल्या त्या कॉफीचा फेस... जाऊ दे. आधी सांगायचं ते सांगते.

कॉफीची पिशवी म्हणजे लई नखरेल. वास बाहेर जाता कामा नये, दमट हवा आत येता कामा नये. म्हणून बाहेरून कागद आणि आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. कागद मातीत जातो, अस्तर तसंच राहतं. आम्हाला सगळीच्या सगळी मातीत मिसळणारी पिशवी करायची होती. त्यासाठी मक्यापासून केलेली फिल्म मागवली. दिसायला हुबेहूब प्लॅस्टिक! नेहमीच्या ऑर्डरींचे प्लॅस्टिकचे रोल शेजारीच असायचे, म्हणून महादेवी मक्याच्या रोलच्या पुठ्ठ्यावर विभूतीची तीन बोटं ओढून ठेवायची. "हा आपला सोवळ्यातला," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मग तीन पिशव्या तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, खतखड्ड्यात पुरल्या. सहा महिने थांबलो. ऑर्डर ठरवायला कर्नाटकातला एक कॉफीवाला शेडवर येणार होता, म्हणून आदल्या दिवशी आम्ही पिशव्या उकरून बघायला वळसंगला गेलो. महादेवी आत चूल पेटवत होती. मला कुठला धीर? खुरपं घेतलं आणि एकटीच खड्ड्याशी गेले.

कागद गेला होता. अस्तरं होती तशी होती. तिन्ही. चिखल पुसला तर चकाकली.

मी काय केलं? ओढून काढली, घडी केली, पर्समध्ये टाकली. तेवढ्यात अप्पा रानातून आले. खड्ड्यात वाकून बघितलं. "खाल्लं का गं मातीनं?"

"व्हय अप्पा. सगळं खाल्लं."

"खाणारच की! माती कुनाची हाय!" — आणि म्हातारा असा हसला म्हणून सांगू. आतून महादेवी धावत आली, पिठाच्या हातांनी मला मिठी मारली. पर्स माझ्या खांद्यालाच होती.

ती फिल्म विरघळते, पण मोठ्या खतप्रकल्पातल्या तापलेल्या ढिगात. शेतातल्या खड्ड्यात नाही. रोलच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी नंतर वाचलं. पण त्याचं काय एवढं? डोळ्यांनी तर त्याच दिवशी बघितलं होतं ना मी?

ऑर्डर मिळाली. पिशव्या कापताना फिल्मचं कातरण उरायचं, ते अप्पा पोत्यात भरून न्यायचे, हौसेनं. खड्ड्यात टाकायचे, खत रानात पसरायचे. मी बघत होते. पोतं उचलायला हातही लावत होते.

पुढच्या वर्षी ज्वारी खुरपताना फिल्मच्या पट्ट्या वर आल्या. रानभर. महादेवी मूठभर घेऊन शेडवर आली आणि मशीनपाशी खालीच बसली. मला वाटलं, कळलं हिला. खरं सांगू? क्षणभर बरंही वाटलं.

"रेखे, मी प्लॅस्टिकचा रोल लावला गं," ती म्हणाली. "विभूती बघायची राहिली. अप्पांच्या रानात मीच घाण केली की." ढसाढसा रडली. तिचा रोल बरोबर होता. एकदाही चुकली नव्हती ती, एकदाही! मला माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

आणि मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. होतं असं माणसाकडून. मी नाही रागावले."

माफ केलं मी तिला.

ती परत मशीनला बसली नाही. हात लावायचीच भीती वाटते म्हणाली. कलबुर्गीला भावाकडं गेली, तिथं शाळेच्या ऑफिसात काम करते. अप्पा रोज सकाळी बादली घेऊन बांधाबांधानं पट्ट्या वेचतात, अजून.

मी फिल्म बदलली. आताची खरोखर विरघळते, मी माझ्या परसात पुरून बघितली. कॉफीवाला कौतुक करतो. चार वाजले की मी मशीन बंद करते, कॉफी करते, तिच्यासारखीच उंचावरून ओतते. सांडते. हाक मारायला कुणी नाही. त्या "बा"ची इतकी आठवण येते की कधी कधी मीच हळूच म्हणून बघते, रिकाम्या शेडमध्ये. तीन अस्तरं कपाटात आहेत, वळसंगची माती घड्यांत तशीच.

गेल्या दिवाळीला तिचा मेसेज आला. शुभेच्छा, अप्पांची तब्येत, आणि शेवटी — "तू तेव्हा एका शब्दानं बोलली नाहीस मला. ते मी जन्मभर विसरणार नाही."

मी वाचला. आणि खाली जोडलेले हात पाठवले.