बावाचे बूट

बावाला राग आला की तो बूट काढायचा. कुणाला हाणायला नव्हे. तशी आशा मात्र आम्ही पुष्कळ दिवस बाळगून होतो. तो खाली बसायचा, एकेका भोकातून नाडी सोडवायचा, बूट शेजारी जोडीने ठेवायचा आणि अनवाणी उभा राहून समोरच्याकडे नुसता बघायचा. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण नाडी सुटायला लागली की आमची अख्खी बराक श्वास रोखून बसायची. मी जन्मात ढीगभर नाटकं पाहिली. पडदा वर जाताना तसा काटा पुन्हा अंगावर आला नाही.

लढाईच्या दिवसांत नंदुरबार स्टेशनापलीकडच्या माळावर रंगरुटांची छावणी पडली होती, तिथली ही गोष्ट. मी शहाद्याकडचा, चार बुकं शिकलेला आणि औताला कंटाळलेला. बावा अक्राणीच्या डोंगरातला पावरा आदिवासी, विशीतला, उभा राहिला की साग. त्याची पावरी बोली मला कळत नसे. आमचं बोलणं त्याने बाजारात उचललेल्या अहिराणीवर चाले. होळीला अंगभर राख फासून, कमरेला भोपळे बांधून नवसाचा नाच नाचतात, त्यांना त्याच्याकडे बावा म्हणतात. तो तसा नाचणारा, म्हणून छावणीतही तेच नाव पडलं.

सुरुवातीला खऱ्या बंदुका नव्हत्या. आम्हाला लाकडाच्या दिल्या. बावाने आपली उलटीसुलटी करून पाहिली आणि मला विचारलं, "हायी काय शे, भो?"

"बंदूक शे."

"मंग सरकारना दुश्मन बी लाकूडना शे का?"

मी हसलो आणि मैदानाला चार फेऱ्या मारून आलो. हसणं हवालदाराच्या कायद्यात बसत नसे.

तीन-तीनच्या रांगेत चालणं बावाला कधीच जमलं नाही. बघता बघता तो पुढच्याच्या मागे सरके, त्याच्यामागे त्याचे डोंगरातले सोबती, आणि आमच्या पलटणीची मुंग्यांची रांग होई. हवालदार साताऱ्याकडचा, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. "आरं, ही पलटण हाय का प्रेतयात्रा?" बावा शांतपणे म्हणे, "माणूसना बाजूले माणूस चालना, तर वाट कोन देखी?" डोंगराच्या पायवाटेवर शहाणपणाची असलेली गोष्ट सपाटीवर गुन्हा ठरते, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही नाही.

आता माझ्या रागाचं बोलू. हा राग मी इतकी वर्षं लोणच्यासारखा मुरवला आहे, आणि खरं सांगतो, हौसेने मुरवला आहे.

भरतीच्या पाचेक वर्षं आधी बावाची आई मरणाच्या दारात होती. त्याने नवस बोलला, 'माय उठली तर पाच होळ्या बावा होईन.' माय उठली. चार होळ्या झाल्या. धडगावच्या बाजारात भरतीवाला आला, तेव्हा बावाने कापड विचारलं नाही, खाणं विचारलं नाही. एकच विचारलं, "होळीले घर सोडशात का?" भरतीवाला म्हणाला, "म्हणजे काय! सोडणारच!" आणि त्याचा अंगठा कागदावर दाबून घेतला. देव त्या भरतीवाल्याला उदंड आयुष्य देवो, आणि रोज सकाळी पायात चावणारा बूट देवो.

होळी तोंडावर आली आणि सुट्ट्या रद्द झाल्या. पंधरा दिवसांत पलटण लढाईवर जायची होती. बावा हवालदारापुढे उभा राहिला.

"होळी?" हवालदार गरजला. "आरं, हितं सारं जग पेटलंय. आनखी कसली होळी पायजे तुला?"

बावा खाली बसला. नाडी सोडू लागला.

नवसाचे पाच दिवस पायात काही घालायचं नाही, खाटेवर निजायचं नाही, अंगाला पाणी लावायचं नाही, आपल्या हातचंच खायचं. त्याने हे सगळं छावणीत मांडलं. खाट सोडून जमिनीवर निजला. भटारखान्यामागे तीन दगडांवर भाकरी भाजली आणि त्याच चुलीची राख अंगाला फासली. अनवाणी परेडला आला, तेव्हा हवालदाराने त्याला पिट्टू लावला, म्हणजे पाठीवर विटांचं ओझं आणि मैदानाला फेऱ्या. बावाने कमरेला पत्र्याचा मग बांधला आणि फेऱ्यांचा नाच केला. पत्रा खणखणत होता, पाय ठेक्यात पडत होते. हवालदार जितका ओरडे, तितका ताल चढे. चार दिवस शिक्षा, चार दिवस नाच! आम्ही मनातून टाळ्या वाजवत होतो.

पाचव्या दिवशी सूर्य मावळला की नवस फिटणार होता. पण दुपारी मोठा साहेब तपासणीला येणार होता, आणि राख फासलेला शिपाई त्याला दाखवायचा कसा? हवालदाराने चौघांना बोलावलं. "हौदावर न्या आन् घासा. तू रं, तुझा दोस्त न्हवं? तूच धर."

नाही म्हटलं असतं तर मला पिट्टू मिळाला असता. एक पिट्टू! मी बावाचा डावा पाय धरला. तो धडपडला नाही. बादल्या ओतल्या गेल्या, राख वाहून गेली, बाकीचे तिघे बाजूला झाले. मी तसाच बसलो होतो.

"पाय सोड, भो," बावा म्हणाला.

मग तो बराकीत गेला आणि त्याने बूट घातले. त्यानंतर दहा दिवसांत ते रागाने एकदाही काढले नाहीत.

मला लिहिता येत होतं, म्हणून छावणीच्या कचेरीत ठेवून घेतलं. पलटण निघाली तेव्हा मी आणि हवालदार फलाटावर उभे होतो. गाडी हलली आणि एका खिडकीतून दोन बूट आले. उजवा हवालदाराच्या पुढ्यात पडला, डावा माझ्या.

बावा परत आला नाही. लढाई संपल्यावर मी त्याच्या गावी गेलो, दीड दिवस डोंगर चढून. म्हातारी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती, चांगली ठणठणीत. मी कोण ते कळल्यावर तिने पावरीत काहीतरी विचारलं. बावाच्या बहिणीने मला समजेल असं सांगितलं, "माय इचारी ऱ्हायनी, पाचवी होळी पुरी व्हयनी का?"

"व्हयनी," मी म्हणालो.

म्हातारीचा चेहरा उजळला. ती आत गेली आणि पाहुण्याच्या पायांवर घालायला तांब्याभर पाणी घेऊन आली. मी खाली बसलो आणि एकेका भोकातून नाडी सोडवू लागलो.