यादीवाल्याने न हलवलेली तारीख

कंपनीत त्याला सगळे यादीवाले म्हणत. व्हिडिओ गेम बाजारात आणणारी कंपनी ती. कोणता गेम कोणत्या आठवड्यात बाहेर पडणार, ती यादी अकरा वर्षं त्याच्या हातात. माणूस पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

कंपनीचं पोट भरायची ती गाड्यांच्या शर्यतीची मालिका. सात भाग झाले, आठवा तयार. हातोहात खपणारा माल. आणि कोपऱ्यातल्या खोलीत चौघं मिळून एक लहानशी मालिका करत. त्यात एक आजी लोकांची घड्याळं दुरुस्त करते आणि प्रत्येक घड्याळामागचं घर हळूहळू उलगडत जातं. पहिला भाग थोड्यांनीच घेतला, पण ज्यांनी घेतला त्यांनी उराशी धरला. "दुसरा बरा खपला तरच तिसरा," असं साहेबांनी चौघांच्या प्रमुख बाईंना बजावलं होतं. यादीवाला त्यांना ताई म्हणे.

दुसऱ्या भागासाठी मोकळा आठवडा त्यानेच शोधून दिला. मग शर्यतीत बिघाड निघाला. गाड्या भिंतीतून आरपार जायला लागल्या. तिची तारीख पुढे सरकली आणि नेमकी आजीच्या आठवड्यात येऊन बसली. आजीला महिनाभर पुढे न्यायचं तर साहेबांपुढे उभं राहून अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि त्या दिवशी साहेबांचा पारा चढलेला. 'उद्या बघू,' म्हणत त्याने यादी तशीच पाठवून दिली. तो उद्या काही उजाडला नाही.

शर्यतीच्या गोंगाटात आजी कुणाला दिसलीच नाही.

बैठकीत साहेब म्हणाले, "लोकांना नकोच असेल तर घास कोंबायचा का त्यांच्या तोंडात? बंद करा. काय हो यादीवाले?"

त्याने समोरचा कागद उलटा करून ठेवला. "आकडे... तसे कमीच आहेत."

बाहेर ताईंनी त्याला गाठलं. डोळे लाल, तरी हसत होत्या. "शर्यत आडवी आली, त्याला तुम्ही तरी काय करणार, भाऊ! साहेबांशी भांडला असालच आमच्यासाठी."

"हो... म्हणजे, प्रयत्न केला," तो म्हणाला.

संध्याकाळी बायकोशेजारी प्रार्थनेला बसला, पण हात जोडवेनात. तिने विचारल्यावर भडाभडा सगळं सांगितलं.

"देवाला सांगून मोकळे होऊ नका," ती म्हणाली. "तारीख काय देवाची हलवायची होती? जिची होती तिला सांगा."

सकाळी तो आधी साहेबांकडे गेला. चुकवलेला तो अर्धा तास निमूटपणे ऐकून घेतला. "आत्ता बोलताय?" साहेब म्हणाले. "नवव्या शर्यतीला माणसं वाटून झाली. जा."

मग तो कोपऱ्यातल्या खोलीत गेला. ताई भिंतीवरची घड्याळांची चित्रं उतरवत होत्या.

"ताई, मी तेव्हा साहेबांकडे गेलोच नव्हतो. तारीख हलली असती. मी विचारलंच नाही."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"आणि मी आमच्या चित्रकाराला नाही नाही ते बोलले हो," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, तुझी आजीच रडक्या चेहऱ्याची, म्हणून कुणी घेतली नाही. परवा काम सोडून गेला तो."

"मला बोला ना, ताई. हवं ते बोला."

"त्याने तुम्हाला बरं वाटेल. त्याला काय?" त्यांनी आपला फोन उचलला, नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तो आता काही ऐकायचा नाही."

त्याने फोन कानाला लावला. चार-पाच वेळा घंटी वाजली. पलीकडून थकलेला आवाज आला, "बोला, ताई."

आपण कोण म्हणून सुरुवात करायची, तेच यादीवाल्याला सुचेना.